चाळणीवरचे दाणे

केंदूर, ता. शिरूर
१२ जून २००३

प्रिय गनी,

तुझं कार्ड परवा आलं. पोस्टमननं ते सुवर्णाच्या हातात दिलं. सूनबाईनं आधी स्वतः वाचलं, मग मला आणून दिलं आणि म्हणाली, "आबा, गनीचाचा तुम्हाला दात बसवायला बोलावतात." उघड्या कार्डावर लिहून तू माझ्या तोंडातली गोष्ट सगळ्या घराला कळवलीस. यापुढं अंतर्देशीय पत्र लिहीत जा. दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

पण तुझ्या कार्डानं मला कुठल्या कुठं नेऊन सोडलं म्हणून सांगू! चावडीमागची आपली शाळा, तुझ्या वडिलांच्या कल्हईच्या भट्टीचा नवसागराचा वास, आणि टेबलावर रूळ आपटत ताल धरणारे आण्णा मास्तर. त्यांनी स्वतः रचलेली ती कविता आठवते ना?

दाणा म्हणतो, ऊन सोसले, थंडी सोसली, वारा रे,
मुखी घेउनी थुंकू नको मज, जन्म फुका मग सारा रे.

तू एकदा किडका दाणा थुंकलास म्हणून मास्तरांनी ती तुझ्याकडून वीस वेळा म्हणवून घेतली होती. पुढं मी मास्तर झालो आणि चौतीस वर्षं दर जूनमध्ये पहिल्या दिवशी तीच कविता मुलांकडून म्हणवून घेतली. आता ती मला म्हणता येत नाही. 'दाणा' म्हणायला जीभ वर जाते, टेकायला जागा शोधते आणि नुसतीच ओली होऊन परत येते. वरची कवळी कशीबशी टाळूला धरून असते. खालची मात्र पाण्यावरच्या पानासारखी तरंगते.

तुला खरं सांगतो, कारण दुसरं कुणी नाही. माझी रतनबाई गेल्यापासून मी पंगतीत जेवत नाही. त्याच वर्षी आमच्या पोराच्या, बाळासोच्या मेहुणीच्या लग्नात पुरीचा तुकडा ओढताना खालची कवळी पत्रावळीत पडली. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्या पंगतीनं माना खाली घातल्या. तेव्हापासून सुवर्णा भाकरी, भाजी, वरण सगळं मिक्सरमध्ये घालते आणि वाटी मागच्या पडवीत आणून ठेवते. काहीही घातलं तरी त्यातून सगळं एकाच रंगाचं निघतं. मेथी कुठली आणि वांगं कुठलं ते जिभेला कळत नाही. तिचा दोष नाही. ती वाटी मांजराच्या वाटीशेजारी ठेवते, तोही जागेचा प्रश्न आहे.

मला फार काही नको, गनी. एकदा चारचौघांत पंगतीला बसायचं आहे, आणि पौषात आपल्या वावरात आगटीभोवती तुझ्या मांडीला मांडी लावून हुरडा चावायचा आहे. गेली सहा वर्षं तू येतोस, मी येतो आणि आपण दोघं दुसऱ्यांचे जबडे बघत बसतो.

मात्र मी एकटा पुण्याला जाणार नाही. तू खुर्चीत बसणार असशील तर शेजारच्या खुर्चीत मी.

तुझा,
हौसराव


दौंड
२१ जून २००३

हौशा,

घे तुझं अंतर्देशीय. बायकोनं विचारलं, एवढं काय गुपित हाय? म्हटलं, मास्तरच्या तोंडात दात न्हाईत हे सरकारी गुपित हाय.

आता नीट वाच. आमच्या अनिसची पोरगी, माझी नात, आपली शिरीन, पुण्याला दातांच्या कॉलेजात शिकती हे तुला ठाव हाय. तिच्या सरांनी योजना काढलीय. पासष्टच्या पुढची, तोंडात एकबी दात नसलेली वीस माणसं घ्यायची. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन स्क्रू बसवायचे, त्याला इम्प्लांट म्हणतात. तीन महिने ते तसेच हिरडीखाली झाकून ठेवायचे, तवा हाड त्यांना धरतं. मग वर दोन गुंड्या आन् नव्या कवळीला आतनं दोन वाट्या. झंपरला टिचबटण असतं ना, तसं. टिच्च करून बसली की हालत न्हाई. मी जन्मभर रेल्वेच्या लोको शेडात नट-बोल्ट आवळले, मला हे पटलं. नुसत्या चिकटवून ठेवलेल्या गोष्टीवर माझा विश्वास न्हाई.

खर्च त्यांचा. आपण वर्षभर जायचं आन् किती चावतं ते त्यांना मोजू द्यायचं. पर सगळ्यांना घेत न्हाईत. आधी परीक्षा हाय. ज्याला सगळ्यात कमी चावता येतं, त्याचा नंबर आधी. तुला तर पहिला नंबर काढायची सवयच हाय.

माझं म्हणशील तर माझं काही अडलेलं न्हाई. मदिना भाकरी दुधात कुस्करती, मी गिळतो. पर तू एकटा जायचा न्हाईस, म्हणून शिरीनला सांगून माझंबी नाव घातलंय. ती नको म्हणत व्हती. मी ऐकलं न्हाई.

९ जुलैला सकाळी दहा. मी शटलनं येतो, तू शिक्रापूरवरनं एसटी धर. आन् एक ऐक. डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं, तिथं आपलं मास्तरकीचं डोकं चालवू नको.

गनी


केंदूर
१५ जुलै २००३

प्रिय गनी,

त्या दिवसाचा वास अजून अंगावरून गेलेला नाही. लवंगेचा आणि स्पिरिटचा. आपण सगळे बोळके बाकावर ओळीनं बसलो होतो, तेव्हा मला पहिलीचा वर्ग आठवला. सगळ्यांचे गाल आत गेलेले, सगळ्यांचे डोळे दाराकडं, आणि नाव पुकारलं की जो तो दचकून उभा राहत होता. तो तुझ्या शेजारचा भांडगावचा म्हातारा तर 'हजर' म्हणाला. मी मनातल्या मनात सगळ्यांचा पट मांडला.

माझी परीक्षा घेणारी मुलगी शिरीन नव्हती, दुसरीच कुणी होती. तिनं इवल्याशा काट्यावर भाजलेले दाणे तोलले आणि म्हणाली, "आजोबा, वीस वेळा चावायचं, मी मोजते. मग सगळंच्या सगळं या वाटीत टाकायचं. गिळायचं नाही." आणि मोजू लागली. एक, दोन, तीन. मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मोजलं, माझ्यासाठी कुणी मोजेल असं वाटलं नव्हतं. पडद्यापलीकडून तुझं थुंकणं ऐकू आलं. लोको शेडात शोभेल असं. मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

माझ्या वाटीत फार नव्हतं, पण होतं ते पिठासारखं मऊ. "सगळं टाकलंत ना?" मुलीनं विचारलं. मी मान डोलावली.

आता यादी कधी लागते ते बघायचं. मी इकडं दुसरीच यादी करतोय. आधी हुरडा. मग भाकरीचा वरचा पापुद्रा, नुसता, मिठाबरोबर. मग ओला हरभरा, घाट्यासकट तोंडात धरून सोलायचा. ऊस शेवटी. ऊस मागणं म्हणजे देवाला फारच छळणं होईल.

बाळासोला मी सांगून ठेवलंय, यंदा आगटीला मी बसणार. तो म्हणाला, "बसा की, कोण नको म्हणतंय." त्याला वाटतं मी शेकायला बसणार.

तुझा,
हौसराव


दौंड
१९ ऑगस्ट २००३

हौशा,

हे पत्र आठ दिवस लिहायचं टाळत व्हतो.

यादी लागली. माझं नाव हाय. तुझं न्हाई.

मी शिरीनला दोनदा विचारलं. ती म्हणाली, सगळं वजनावर झालंय, माझ्या हातात काही न्हाई, आन् मास्तरआजोबांचा कागद मी बघितला न्हाई. मग मी तिच्या सरांना जाऊन भेटलो. म्हटलं, साहेब, माझी जागा माझ्या मित्राला द्या, मला काय चावायचंय आता. ते म्हणाले, आजोबा, ही एसटीतली शीट न्हाई, रुमाल टाकून दुसऱ्याला देता येत न्हाई. तुम्ही नको म्हणालात तर यादीतल्या खालच्या माणसाला जाईल, त्यात तुमचे मित्र फार लांब हायेत.

फार लांब का, ते त्यांनी सांगितलं न्हाई, मलाबी सुचलं न्हाई विचारायचं.

मी नको म्हणून कळवणार व्हतो. मदिना म्हणाली, तुमच्या नको म्हणण्यानं हौसभाऊंना दात येणार हायेत का? तुझं काय म्हणणं? तू म्हणशील तसं करतो.

गनी


केंदूर
२७ ऑगस्ट २००३

गनी,

माझं काय म्हणणं असणार? तू बसव. अवश्य बसव.

ज्याचं काही अडलेलं नव्हतं, त्याला दात मिळाले. ज्याची वाटी मांजराशेजारी असते, त्याला मिक्सर. तुझी बायको तुला मायेनं भाकरी कुस्करून घालते. माझी कुस्करणारी गेली. सगळ्यात कमी चावणारा आधी, असं तूच लिहिलं होतंस. मग माझ्याहून कमी चावणारा दौंडातच कसा निघाला, हे काही या जुन्या मास्तरला समजत नाही. मी पुष्कळ परीक्षा घेतल्या आहेत, गनी. घरचा मुलगा वर्गात असला की पेपर कसे तपासले जातात तेही पाहिलं आहे.

शिरीनला आशीर्वाद सांग. पोरगी हुशार आहे. आपल्या माणसाला विसरली नाही.

हौसराव


दौंड
१२ ऑक्टोबर २००३

हौशा,

तुझं पत्र वाचलं. उत्तर देणार न्हाई. तू भुकेला हायेस, आन् भुकेल्या माणसाच्या बोलण्यावर उत्तर देऊ नये असं माझी आई म्हणायची.

सहा तारखेला स्क्रू बसवले. सुई टोचली मग काही कळलं न्हाई, नुसता आवाज ऐकू येत व्हता, शेडात ड्रिल मारल्यासारखा. मी डोळे मिटून पडलो व्हतो आन् मनात म्हणत व्हतो, सावकाश, वाकडं जाईल. गाल सुजला, हनुवटी काळी-निळी झाली. मदिना म्हणाली, लग्नात दिसलात त्यापेक्षा बरे दिसताय. खालची जुनी कवळी त्यांनी आतनं कोरली, स्क्रूवर घासू नये म्हणून. आता ती कशावरच बसत न्हाई, तीन महिने पातळच घ्यायचं. पंधरा दिवसांत रोजे लागतील, तवा दिवसा तरी चावायची भानगड न्हाई.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गुंड्या लावणार. मी तारीख मोजून घेतलीय. गुंड्या लागल्या की दुसऱ्या दिवशी केंदूरला येतो. आगटी पेटवून ठेव. मी एकटा खाणार न्हाई. पाट्यावर तुझ्यासाठी मी माझ्या हातानं हुरडा ठेचीन, मिक्सरला न्हाई लावू देणार. ठेचल्यानं रंग जात न्हाई.

सरांना मी पुन्हा म्हटलं, पुढच्या वर्षी दुसरी तुकडी घ्याल तवा आमच्या मास्तरांना घ्या. ते म्हणाले, बघू. बघू म्हंजी न्हाई न्हवं.

ईदला शिरखुर्मा पाठवीन. तो तुला चावायला लागत न्हाई.

गनी


केंदूर
१५ डिसेंबर २००३

श्री. गनीभाई,

शिरखुर्मा पोहोचला. मुलांनी खाल्ला.

तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मी एका लेखनात गुंतलो होतो. आडून बोलणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून कळवतो. तुमच्या कॉलेजच्या प्रमुखांना मी एक अर्ज पाठवला आहे. योजनेत काम करणाऱ्या विद्यार्थिनीनं स्वतःच्या सख्ख्या आजोबांची निवड करून घेतली, या निवडीची चौकशी व्हावी, एवढीच विनंती केली आहे. वाईट शब्द एकही वापरलेला नाही. माझ्या अर्जानं केंदूरला एसटीचा थांबा मिळाला, हापसा मिळाला, दोन विधवांची पेन्शन सुरू झाली. माझ्या हातून खोटा अर्ज कधी गेलेला नाही.

तुम्हाला वाटेल, दातांसाठी मास्तर एवढा उतरला. दातांसाठी नाही. त्या दिवशी पडद्यापलीकडं तुम्ही खुशाल थुंकलात. मी थुंकलो नाही. वीस वेळा चावून झालं, तोंडात दाण्यांचे तुकडे होते, समोर वाटी होती, आणि माझ्या कानात मास्तरांचा रूळ वाजला. मुखी घेउनी थुंकू नको मज. ज्या तोंडानं चौतीस वर्षं मुलांकडून ती कविता म्हणवून घेतली, त्या तोंडातला दाणा मी थुंकीच्या भांड्यात टाकू? मी सगळे मोठे तुकडे गिळले. टोचले, तरी गिळले. चूळ भरल्यासारखा जो लगदा उरला, तेवढाच वाटीत सोडला. ज्यानं अन्नाचा मान राखला तो यादीबाहेर, आणि ज्यानं खाकरून थुंकलं त्याच्या जबड्यात स्क्रू. हे मला बोचलं. एका मास्तरच्या हाताखाली शिकलेल्या दोघांत इतका फरक असावा!

हुरड्याला यायचं असल्यास या. माझ्याकडून आग्रह नाही.

हौसराव


दौंड
२४ जानेवारी २००४

हौसराव,

तुझं पत्र आलं तवा मी ते चार वेळा वाचलं. मदिनाला वाचून दाखवलं. मग शिरीनला फोन करून विचारलं. आता तुला सांगतो, सावकाश वाच.

ती वाटी थुंकीची न्हवती. ती परीक्षेची वाटी व्हती. वाटीतलं सगळं धुवून चाळणीवर ओततात. बारीक चावलेलं खाली जातं, न चावलेले तुकडे वर राहतात. ते वाळवून तोलतात. चाळणीवर जितकं जास्त, तितकं त्या माणसाला कमी चावता येतं, तितका त्याचा नंबर वर. माझ्या चाळणीवर जवळजवळ अख्खे दाणे व्हते.

तुझ्या चाळणीवर काहीच न्हवतं. सगळं तुझ्या पोटात गेलं व्हतं. पन्नास म्हाताऱ्यांत सगळ्यात बारीक चावणारा तू निघालास, हौसराव. शिरीननं आता विचारून घेतलं, तवा तिथली मुलगी म्हणाली, तुझा कागद बघून सर हसले व्हते. म्हणाले, ह्या आजोबांना दातांची गरजच न्हाई. तिनं तुला विचारलं व्हतं, सगळं टाकलंत ना. तू मान डोलावलीस. मास्तर माणूस, पांढरं धोतर. तिनं विश्वास ठेवला.

तुला वाटतं मला ती कविता आठवली न्हाई? वीस वेळा म्हणवून घेतलेली कविता माणूस विसरतो का? माझ्याबी कानात रूळ वाजला. पर समोर पोरगी शिकत व्हती, तिनं सांगितलं टाका, तर मी डोळे मिटून टाकलं. तुला पडद्यापलीकडनं नुसता आवाज ऐकू आला.

आता तुझ्या अर्जाचं. सुंदर व्हता. ह्या महिन्याच्या पाच तारखेला मला कॉलेजात बोलावलं, तवा मी गेलो. तिथं चार जण बसले व्हते आन् शिरीन उभी व्हती. तुझा अर्ज त्यांनी तिच्याकडनंच मोठ्यानं वाचून घेतला. तिनं अक्षर लगेच ओळखलं. ती दहावी पास झाली तवा तू तिला कविता लिहून पाठवली व्हतीस, ती तिनं अजून पेटीत ठेवलीय.

वजनात एका दाण्याचा फरक न्हाई, हे त्यांना तासाभरात कळलं. तिनं कुणाचं काही वाढवलं न्हाई, कमी केलं न्हाई. पर एक गोष्ट तुझ्या अर्जात खरी व्हती. मी तिचा आजा हाय. योजनेत काम करणाऱ्याच्या घरचं माणूस घ्यायचं न्हाई, असा नियम हाय. तिनं मला जूनमध्येच सांगितलं व्हतं. म्हणूनच ती नको म्हणत व्हती. मी म्हटलं, गप बस, नातं सांगू नको. आमचा मास्तर एकटा पुण्याला जायचा न्हाई, मी बरोबर गेलो तर तो जाईल, मी काय निवडला जात न्हाई. मला वाटलं, माझा नंबर कशाला लागतोय.

तिचं शेवटचं वर्ष हाय. नाव काढून टाकायची भाषा चालली व्हती. मग मी तिथंच कागद मागितला आन् लिहून दिलं, की नातं लपवायला मी तिला भाग पाडलं, ती नको म्हणत असताना मी धाकानं नाव घालायला लावलं, सगळी चूक माझी, मला योजनेतनं काढा. खरंच व्हतं ते. त्यांनी काढलं. तिला लेखी ताकीद दिली आन् वर्ष वाचलं.

एकवीस तारखेला गुंड्या लागायच्या व्हत्या. लागल्या न्हाईत. स्क्रू आत हायेत, हिरडीखाली. सरांनी शेवटचं बोटानं दाबून बघितलं आन् म्हणाले, इतकी पक्की पकड एकाच्याबी हाडाची न्हाई. त्यांना वाईट वाटलं. बाहेर कुठं करून घ्या म्हणाले. रेल्वेच्या पेन्शनीत तसलं बाहेर हुत न्हाई. जुनी कवळी कोरून टाकलीय, ती बसत न्हाई. जबडा आता आतनं लोखंड धरून बसलाय आन् वर काही न्हाई.

तू लिहिलंस, एका मास्तरच्या हाताखाली शिकलेल्या दोघांत इतका फरक. व्हय. हाय.

गनी


केंदूर
१ फेब्रुवारी २००४

माझ्या गनी,

तुझं पत्र घेऊन मी दोन दिवस वावरात बसून आहे. घरात वाचता येईना.

मला चाळणी माहीत नव्हती रे. मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं होतं, 'सगळंच्या सगळं टाका' असं त्या मुलीनं सांगितलं होतं, तूही आधीच बजावलं होतंस. मीच माझ्या डोक्यातल्या वर्गात बसलो होतो. साठ वर्षांपूर्वीच्या रुळाचा आवाज मला जवळचा वाटला आणि समोरच्या पोरीचा लांबचा. मुलांना मी सांगत असे, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. मी प्रश्न वाचलाच नाही.

आणि शिरीन. ती माझा अर्ज मोठ्यानं वाचतेय, हे डोळ्यांपुढून हलत नाही. त्यात मी एके ठिकाणी 'सखेद' हा शब्द घातला होता. तो लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश झालो होतो. ती त्या शब्दाशी अडखळली का रे? नको, सांगू नकोस.

मी आजच दुसरा अर्ज लिहायला घेतला आहे. त्यात सगळं कबूल करतो. मी दाणे गिळले, मी खोटी मान डोलावली, चौकशी माझी करा, आणि गनीच्या जबड्यातलं काम पुरं करा. मसुदा तयार आहे. तू हो म्हण, की पाठवतो.

काल बाळासोनं आगटी पेटवली. पाहुणे होते, पोरं होती. त्यानं हाक मारली, "आबा, या की, बसा." मी गेलो नाही. पण कोवळी कणसं मी माझ्या हातानं निवडली, निखाऱ्यात भाजली, तळहातावर चोळली. हात पोळले. तो हुरडा फडक्यात बांधून शिरूर-दौंड गाडीच्या कंडक्टरकडं देतो आहे, बरोबर खोबऱ्याची चटणी आहे. तू माझ्यासाठी ठेचणार होतास. यंदा मी पाठवतो. एक ओळ लिही. शिवी दिलीस तरी चालेल.

तुझा, तुझाच,
हौशा


(पोस्टकार्ड)

दौंड
९ फेब्रुवारी २००४

गुरुजींना गनीचा नमस्कार.

उघड्या कार्डावर लिहितोय. आता घरात कुणी वाचलं तरी चालेल.

दुसरा अर्ज पाठवू नका. मसुदा फाडून टाका. शिरीनची परीक्षा तोंडावर हाय. वर्गात तिचं नाव घेतलं की अजून चार माना वर होतात. तुमच्या खऱ्या अर्जानं त्या आठ होतील. ती म्हणाली, आजोबांना सांगा, मी कविता पेटीतनं काढलेली न्हाई. पर वाचत न्हाई, एवढं तिनं मला सांगितलं, तुम्हाला सांगायला सांगितलेलं न्हाई.

कंडक्टरनं पुरचुंडी दिली. हुरडा गरम न्हवता, पर कोवळा व्हता. मी एक चिमूट तोंडात धरून बघितली. हिरडीवर दाणे नुसते फिरत राहिले. मग मदिनानं मिक्सरला लावला. तुम्ही लिहिलं व्हतं ते खरं हाय, त्यातनं सगळं एकाच रंगाचं निघतं.

पुढच्या वर्षी पाठवायची तसदी घेऊ नका.

आण्णा मास्तरांची आठवण ठेवून वाटी चाटून पुसून संपवली. दाणा एकबी टाकला न्हाई.

गनी